सुजलेल्या दाढेला भूल का चढत नाही?

प्रश्न :
मुळाशी पू झालेली खालची दाढ काढताना लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊनही माझी कळ थांबली नाही. पूर्वी एक निरोगी दाढ काढताना मात्र नुसता दाब जाणवला होता, वेदना मुळीच झाली नव्हती. औषध एकच असताना चेतातंतूंवरील परिणामात एवढा फरक का पडतो?

उत्तर 1 :
विश्रांत चेतातंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियम चॅनेल उघडले की सोडियमचे आयन आत शिरतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि हा बदल तंतूवरून पुढे सरकत जातो. लिग्नोकेन हे चॅनेल अडवते, पण आतल्या बाजूने, आणि खरी मेख तिथेच आहे. तंतूचे पटल सहज ओलांडतो तो औषधाचा विद्युतभाररहित रेणू, तर आत गेल्यावर चॅनेल अडवतो तो प्रामुख्याने भारित रेणू. शरीराच्या नेहमीच्या 7.4 सामूला जेमतेम एक चतुर्थांश रेणू भाररहित असतात. पुवामुळे आम्लता वाढून सामू समजा 6.4 वर आला, तर हे प्रमाण सुमारे 3 टक्क्यांवर घसरते.

उत्तर 2 :
हे बरोबर आहे, परंतु पुरेसे नाही. खालच्या दाढांसाठी भूल बहुधा जबड्याच्या मागच्या भागात, चेतातंतू हाडात शिरण्यापूर्वीच दिली जाते. तिथले ऊतक निरोगी असते, आम्लताही नसते, तरीही दाढेतला गर सुजलेला असल्यास ती पुष्कळदा अपुरी पडते. याचे एक महत्त्वाचे कारण असे, की दाहात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने वेदनातंतूंना अतिसंवेदनशील करतात. शिवाय या तंतूंमध्ये टेट्रोडोटॉक्सिन या विषाला न जुमानणारे सोडियम चॅनेल असतात आणि ते लिग्नोकेनलाही तुलनेने कमी दाद देतात. म्हणून ‘आम्लतेमुळे भूल चढली नाही’ एवढ्यावर थांबणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. मग निरोगी दाढेच्या वेळी दाब तेवढा का जाणवला?

उत्तर 1 :
दाबाची संवेदना जाड, मायलिनचे वेष्टन असलेले तंतू नेतात. त्यांतील संदेश वेष्टनातील एका खंडावरून, म्हणजे वेष्टन नसलेल्या उघड्या जागेवरून, पुढच्या खंडावर उडी घेतो आणि एखादा खंड निकामी झाला तरी पलीकडे पोचतो. तो थांबवायचा तर लागोपाठ तीनएक खंड औषधात बुडावे लागतात. तंतू जितका जाड, तितके हे खंड एकमेकांपासून दूर. वेदनेचे तंतू बारीक असल्याने औषधाच्या थोड्या लांबीच्या पट्ट्यातही बंद पडतात.