मदत हवी आहे: हवालदार, २४ वर्षे सेवा. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शनचं काय?

लातूरची_लेक
नमस्कार. आमचे मिस्टर जिल्हा पोलीस दलात हवालदार आहेत. २००१ ची भरती, वय ४६. बीपी आणि शुगर दोन्ही लागलेत, डॉक्टरांनी रात्रपाळी टाळायला सांगितलंय. पण गणपती झाले की नवरात्र, नवरात्र झालं की निवडणूक, बंदोबस्त काही सुटत नाही. परवा म्हणाले, आता राजीनामा देऊन मोकळा होतो. मला त्यांना अडवायचं नाही, माणूस धडधाकट राहिला पाहिजे. पण मुलगी बारावीला आहे, मुलगा आठवीत. घर कसं चालेल हे कळल्याशिवाय हो म्हणायला जीव धजत नाही.

आत्ता सोडलं तर पेन्शन लगेच सुरू होते की ५८ पूर्ण झाल्यावर? पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं लागतात असं त्यांचे एक सहकारी म्हणतात, ते खरं का? २००९ मध्ये आजारपणात काही महिने बिनपगारी गेले होते, ते सेवेतून वजा होतात का? आणि धाकटे दीरही पोलिसात आहेत, २००६ ला लागलेले. त्यांच्याही मनात सोडायचं आहे. दोघांना एकच नियम लागतो का?

निवृत्त_एएसआय
ताई, आधी एक काम करा. साहेबांना राजीनाम्याचा अर्ज लिहू देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते, पेन्शन मिळत नाही. त्यांनी द्यायची ती नियम ६६ खालची स्वेच्छानिवृत्तीची नोटीस. त्यासाठी २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा आणि तीन महिन्यांची आगाऊ नोटीस लागते. नोटीस नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे. अर्जात नियमाचा क्रमांक स्पष्ट लिहा, आवक क्रमांक पडलेली प्रत घरी ठेवा.

पेन्शन निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, ५८ ची वाट पाहावी लागत नाही. ३३ वर्षांची अट जुनी. २००९ पासून २० वर्षांच्या सेवेवर पूर्ण पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी.

लेखा_शाखा
आकड्यात सांगतो, म्हणजे घरी हिशेब मांडता येईल. समजा मूळ वेतन ५०,००० आहे. पेन्शन २५,०००, आणि त्यावर महागाईवाढ. त्यातला जास्तीत जास्त ४० टक्के भाग, म्हणजे १०,०००, विकता येतो (अंशराशीकरण). त्याचे एकरकमी दहा लाखांच्या वर हातात पडतील, पण दरमहा मूळ पेन्शन १५,००० राहील. महागाईवाढ मात्र पूर्ण २५,००० वरच मिळते. विकलेला भाग १५ वर्षांनी परत चालू होतो. साहेबांच्या बाबतीत तेव्हा वय ६१ असेल.

उपदान (ग्रॅच्युइटी) दर सहा महिन्यांच्या सेवेला पाव महिन्याचं वेतन. २४ वर्षांना १२ महिन्यांचं होतं, म्हणजे या उदाहरणात निदान ६ लाख. शिल्लक अर्जित रजेचे पैसे ३०० दिवसांपर्यंत मिळतात. भविष्य निर्वाह निधी आणि गट विम्याची रक्कम वेगळी.

वार्षिक वेतनवाढ १ जुलैची असेल तर निवृत्तीचा दिवस त्यानंतरचा धरा. एक वेतनवाढ म्हणजे आयुष्यभराच्या पेन्शनमध्ये फरक.

२००९ चं पाहायचं तर सेवापुस्तकात तो काळ कसा नोंदवलाय ते बघा. वैद्यकीय प्रमाणपत्रावरची असाधारण (बिनपगारी) रजा सेवेत धरली जाते, प्रमाणपत्र नसेल तर नाही. वजा झाली तरी वीस वर्षं भरतातच, पण आदेशाची नोंद नसेल तर वेतन पडताळणीला फाईल अडते. तुमचे कागद नागपूरच्या महालेखापालांकडे जातात. तिथून एक शंका निघाली की महिने मोडतात, त्यामुळे नोटीस देण्याआधीच सेवापुस्तक पूर्ण करून घ्या.

खाकी_घर
मी थोडं वेगळं सांगते. माझे पती अजून सेवेत आहेत, त्यामुळे हे मनापासून. पेन्शन पगाराच्या निम्मी दिसते, पण घरभाडे भत्ता किंवा क्वार्टर दोन्ही जातं, आणि पुढच्या बारा वर्षांच्या वेतनवाढी व बढती जाते. मुलांची खरी फी तर आता सुरू होणार. आधी जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र जोडून नियंत्रण कक्ष किंवा एखादी साईड ब्रँच (बंदोबस्त नसलेली शाखा) मागून पाहा. रात्रपाळी सुटली तर कदाचित सोडायची गरजच पडणार नाही. प्रकृती कायमची नोकरीलायक उरली नसेल तर वैद्यकीय मंडळामार्फत रुग्णता निवृत्तिवेतनाचाही मार्ग आहे.

लेखा_शाखा
दिरांचं वेगळं आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पण त्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची असेल तर २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुनी पेन्शन निवडायची एकदाच संधी दिली होती, मुदत सहा महिने. त्यांनी तो विकल्प भरला होता का, हे पहिलं विचारा.

नसेल भरला तर ते एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना, पगारातून पैसे जमा होणारी) आहेत. मुदतीआधी बाहेर पडल्यास जमा रकमेच्या ८० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून नियमित पेन्शन) घ्यावी लागते, हातात २० टक्केच. पूर्ण वयाला निवृत्त झालं तर ६० टक्के हातात येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने युनिफाइड पेन्शनही (खात्रीची रक्कम देणारी नवी योजना) स्वीकारली, पण केंद्राच्या नियमात स्वेच्छानिवृत्ताला तिची रक्कम मूळ निवृत्ती वयाच्या तारखेपासून मिळते, आणि ती पूर्ण मिळायला २५ वर्षं सेवा लागते. दिरांनी भावाचं बघून पाऊल उचलू नये.

लातूरची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. विकल्प भरला होता का हे दीर आठवून सांगतायत, कागद शोधतील. मिस्टरांना राजीनाम्याचं वाचून दाखवलं, ते गप्प बसले. साईड ब्रँचचा अर्ज आधी करायचं ठरलंय. दोन शंका राहिल्यात. नोटीस देऊन मन बदललं तर? आणि एक जुनी प्राथमिक चौकशी झाली होती, तिचं काय?

निवृत्त_एएसआय
निवृत्तीची तारीख उलटण्याआधी नोटीस मागे घ्यायची विनंती करता येते, पण मंजुरी अधीक्षकांची लागते. उलट, तीन महिन्यांत त्यांनी नकार कळवला नाही तर मुदत संपताच निवृत्ती आपोआप लागू होते. म्हणून नोटीस द्यायची ती पक्कं ठरल्यावरच.

चौकशीचा निकाल लेखी घ्या. विभागीय चौकशी चालू असेल तर नोटीस नाकारली जाऊ शकते. त्या अवस्थेत निवृत्त झालं तरी निकाल लागेपर्यंत तात्पुरती पेन्शन मिळते आणि उपदान अडकतं. आस्थापना शाखेतून ना-चौकशी प्रमाणपत्र मागा. आणि ताई, सेवापुस्तकातलं नामनिर्देशनही पाहून घ्या. लग्नाआधीचं असेल तर अजून सासूबाईंच्याच नावावर असेल.