अंडी लोकवर्गणीतून?

शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठी 'सरकारकडे कशाला मागायचं, गावातले दानशूर देतील' असं म्हणतात, हे काही पटलं नाही. वाढदिवसाला जिलेबी वाटणारे पुष्कळ मिळतात हो, पण दर आठवड्याला अख्ख्या शाळेला अंडी देणारा शोधून दाखवा! २०२३ च्या अखेरीस आपल्या राज्यात पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये शासनानं त्याचा जादा निधी थांबवला आणि द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत यावर चर्चा झाली, वर्गणीची वही फिरली, सरपंचांनी पहिला आकडा टाकला आणि वही तिथंच थांबली. पातेल्यात पुन्हा नुसती पिवळी खिचडी.

शिजवलेलं जेवण शाळांत आलं तेही २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं, देणगीनं नव्हे. मागायचंच तर अर्थसंकल्पात अंड्यांसाठी कायमची तरतूद मागा. आणि नववी-दहावीच्या मुलांसाठीही, योजना आठवीलाच संपते.