फाउंडेशन राखाडी दिसतं आणि उटण्याने गाल चुरचुरतात, काय चुकतंय?

डोंबिवलीकर_मी

मे महिन्यात दादरला चुलतबहिणीचं लग्न आहे, मुहूर्त सकाळी ११ चा. हातात पाच आठवडे आहेत. माझा रंग गव्हाळ आणि सावळा यांच्या मधला, कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे. पंधरा दिवस रोज बेसन, हळद, लिंबू असा लेप चालू आहे. आता गाल चुरचुरतात आणि नाकाशेजारी काळपट ठिपके दिसायला लागलेत.

दुसरी अडचण फाउंडेशनची. घरी आरशात छान दिसतं, दादरला उतरेपर्यंत चेहरा राखाडी आणि मान वेगळीच. साडी रामा हिरवी पैठणी आहे, काठ जांभळट लाल. उटणं कसं करावं आणि फाउंडेशन, लिपस्टिक, ब्लश कोणत्या रंगाचे घ्यावेत?

वस्त्रगाळ

लिंबू आजच बंद करा. त्वचेच्या वरच्या थराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. रोज लावलं की वरचा राखणारा थर झिजतो. गाल चुरचुरतात ते त्यामुळेच. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. आपल्या रंगाच्या त्वचेला कुठलीही जळजळ झाली की ती डाग धरते, म्हणून काळपटपणा घालवायला लिंबू चोळणं हा उलटा उपाय आहे. खायचा सोडाही तोंडाला लावू नका, त्याचा पीएच ८ च्या वर आहे.

पहिले दोन आठवडे कोणताही लेप नाही. सकाळी साधं पाणी, रात्री सौम्य फेसवॉश, चेहरा ओलसर असतानाच हलकं मॉइश्चरायझर. गालांना थंडावा हवा असेल तर कोरफड चालेल, पण पात कापल्यावर ते १५ मिनिटं उभं धरून पिवळा चीक निथळू द्या. खाज उठते ती बहुतेक त्या चिकाने, गराने नव्हे. मग साल काढून गर धुवा. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, त्यापुढे ठेवू नका.

चुरचुर पूर्ण थांबली की उटणं. मसूर डाळ मिक्सरवर बारीक करून मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करा. चाळणीचं पीठ चालत नाही. बोटांत चोळून बघा, रवाळ लागलं तर गालावर ओरखडेच काढणार. अशा पिठाचे ४ चमचे, ज्येष्ठमधाची पूड अर्धा चमचा आणि आंबेहळद पाव चमचा. स्वयंपाकाची हळद नको, तिचा पिवळेपणा उतरत नाही. कोरडं मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि तीन आठवड्यांपुरतंच करा. मुंबईच्या दमट हवेत पीठ ओल धरतं, गुठळ्या होतात, वास येतो. वास बदलला की टाकून द्यायचं.

लावताना एक चमचा पूड घ्या, त्यात दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. पाच ते सात मिनिटं ठेवा. सुकून तडे जाईपर्यंत थांबायचं नाही आणि खरवडूनही काढायचं नाही. पाण्याचा हात फिरवून सैल करा, मग धुवा. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि दोन दिवस वाट बघा.

डोंबिवलीकर_मी

धन्यवाद. मुलतानी माती घातली तर चालेल का? आणि शेजारच्या काकूंनी मेडिकलमधून एक क्रीम सुचवलंय, आठवड्यात चेहरा उजळतो म्हणाल्या. ते लावू का?

वस्त्रगाळ

मुलतानी माती तेल शोषते, म्हणून ती फक्त कपाळ आणि नाकावर, आठवड्यातून एकदा. चेहरा ताणला म्हणजे काम झालं असं नव्हे, तो कोरडेपणाचा ताण असतो. तुमच्या गालांना ती अजिबात नको. ज्येष्ठमध आणि आंबेहळद काष्ठौषधींच्या दुकानात सुटी मिळते. दादर, गिरगाव, भुलेश्वर, कुठेही बघा. थोडीच घ्या.

क्रीमबद्दल: ट्यूबवर बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बऱ्याचदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. आठवड्यात उजळतं हे खरंच आहे. पुढे त्वचा पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, तोंडावर लव वाढते, आणि थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं. ही औषधं डॉक्टरांनी नेमक्या आजाराला, नेमक्या दिवसांसाठी द्यायची असतात. काकूंना दुखवू नका, पण ट्यूब वाचून बघा. त्या स्वतः रोज लावत असतील तर त्यांनीही अचानक बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे.

रंगपेटी

आता रंगाचं. घाम आला की फाउंडेशन ऑक्सिडाइज होतं, म्हणजे लावल्यावर त्याचा रंग बदलतो, असं दुकानात सांगतात. पण ऑक्सिडाइज झालेलं फाउंडेशन केशरट किंवा काळपट दिसतं, राखाडी नाही. तुमचं बहुधा घरापासूनच राखाडी आहे, घरच्या पिवळ्या दिव्याखाली ते कळत नाही. दादरच्या पुलावर दिवसाचा उजेड पडला की दिसतं.

राखाडी होण्याचं पहिलं कारण म्हणजे शेड फिकट घेतलेली असते. फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं आणि सावळ्यावर पांढरं पसरलं की राख होते. दुसरं कारण अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगाखालची झाक. आपल्याकडे पुष्कळ गव्हाळ चेहऱ्यांत पिवळ्याबरोबर हिरवट झाक असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. त्यावर गुलाबी बेस घातला की चेहरा मातकट होतो. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, ही परीक्षा आपल्या रंगावर फारशी उपयोगाची नाही, जवळजवळ सगळ्यांच्याच हिरवट दिसतात. त्यापेक्षा चेहरा धुऊन खिडकीपाशी बसा, हनुवटीखाली आधी पांढराशुभ्र कपडा आणि मग मोतिया रंगाचा धरा. पांढऱ्याने चेहरा थकलेला आणि मोतियाने टवटवीत दिसला तर पिवळ्या-सोनेरी बाजूचे बेस बघा.

शेड हाताच्या पंजावर बघू नका. जबड्याच्या कडेवर, अर्धी गालावर आणि अर्धी मानेवर येईल अशी उभी रेघ ओढा. जवळच्या तीन शेड शेजारी शेजारी. मग दुकानाच्या दारात या आणि १५ मिनिटं थांबा. जी रेघ शोधावी लागते ती तुमची. दोन शेडमध्ये घोटाळा असेल तर गडद घ्या.

डोळ्यांखाली फिकट कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) थापला की तिथेही राखच होते. आधी करेक्टर: गव्हाळ रंगाला फिकट अबोली, सावळ्याला थेट गाजरी. निळसर काळेपणाला केशरी मारतं. मोहरीच्या दोन दाण्यांएवढा पुरे, आणि तो फक्त काळ्या भागावर, सगळ्या पापणीवर नाही. बोटाच्या टोकाने टिपा. मग त्यावर फाउंडेशनचा पातळ हात. ओढून फिरवलात तर खालचा करेक्टर सरकतो.

लिपस्टिकमध्ये दुधाळ न्यूड आणि फिकट बेबी पिंक पूर्ण टाळा, ओठच नाहीसे होतात. न्यूड हवा असेल तर तुमच्या त्वचेहून एक-दोन छटा गडद, विटकरी किंवा दालचिनीच्या अंगाने जाणारा. रामा हिरव्यावर मी डाळिंबी घेईन. काठात जांभळट लाल आहे, त्याला ते जोडून घेईल. केशरट लाल या काठापुढे उपरा वाटेल. ब्लश त्याच घराण्यातला, गडद गुलबक्षी किंवा विटकरी. पेटीत तो भडक दिसतो, घाबरू नका. सावळ्या गालावर चिमूटभर लावल्यावर निरोगी लाली दिसते, फिकट ब्लशची मात्र पावडर दिसते. ओठांच्या कडा मुळात काळसर असतील तर लिपस्टिकचा रंग एक छटा गडद दिसणार, म्हणून रंग ओठांवर बघूनच ठरवा.

गिरगावची_पोर

रंगपेटींच्या सगळ्याशी सहमत, पण एक तिसरं कारण राहिलं: सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सावळ्यावर पांढरट बसतं आणि अगदी बरोबर शेडही त्यावर राखाडी होते. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन घ्या, एसपीएफ ३० किंवा ५०. त्याने पांढरटपणा जातो, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात, तो प्रकाश आयर्न ऑक्साइड अडवतं. तुमच्या त्या ठिपक्यांना याचीच गरज आहे. चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन बोटांच्या लांबीएवढं. कमी लावलं तर डबीवरचा आकडा कामाचा नाही.

लग्नाच्या दिवशी सनस्क्रीननंतर १५ मिनिटं साडीच्या निऱ्या करा, मग फाउंडेशन. लगेच लावलं की खडूसारख्या गोळ्या सुटतात. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर, आणि पफने दाबून. मे महिन्यात घाम येणारच. घामावर पावडर मारली की पोपडे धरतात. आधी टिश्यू दाबून घाम टिपा, चोळू नका, मग गरज वाटली तरच पावडर. पांढरी एचडी पावडर नको, फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडतो. आदल्या दिवशी घरी फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. आणि शक्य असेल तर बेस डोंबिवलीला न करता हॉलवर करा, गर्दीच्या लोकलने निम्मा पुसला जाईल.

डोंबिवलीकर_मी

हॉलवरच करेन. आदल्या संध्याकाळी हळद आहे, नवरीची उष्टी हळद आम्हा बहिणींनाही लागणार. तिचा पिवळेपणा राहिला तर शेड चुकेल ना?

वस्त्रगाळ

चुकेल, केशरट दिसेल. हळदीआधी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा जाडसर हात लावा, रंग आत मुरत नाही. नंतर साबण लावू नका. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्काने लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणाने. आधी खोबरेल तेल कापसावर घेऊन टिपा, हळदीचा रंग तेलात विरघळतो. दोन-तीन कापूस पिवळे होतील. मग तुमचा सौम्य फेसवॉश, म्हणजे तेलही राहणार नाही. खोबरेल रात्रभर ठेवलं तर तेलकट कपाळावर पुरळ येतं. थोडी पिवळी झाक उरलीच तर कानाजवळ आणि केसांच्या कडेला उरते, तिथे सकाळी फाउंडेशन नेऊच नका.