फ्लोरेसच्या डोंगरातील सासुरवाडीत जमीन घेऊन घर बांधावे का?

सातारकर_चिकारांग यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातील असून गेली अकरा वर्षे जकार्ताजवळच्या चिकारांग येथे एका कारखान्यात नोकरी करतो. माझी पत्नी फ्लोरेस बेटावरील मांग्गाराई भागातील आहे आणि तिचे नागरिकत्व इंडोनेशियाचे आहे. तिचे गाव तेथील रुतेंग शहराच्या दक्षिणेकडील डोंगरात आहे. तेथील शेवटचे पाच-सहा किलोमीटर निव्वळ दगडी वाट आहे आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तीही बंद होते. माझ्या सासऱ्यांनी आम्हाला अर्ध्या हेक्टरचा कॉफीचा मळा देऊ केला आहे, आणि शेजारचा तेवढाच तुकडा त्याचा मालक विकायला तयार आहे. साताऱ्याजवळचा एक प्लॉट विकून त्या पैशातून तेथे घर बांधावे, शेजारचा तुकडा घ्यावा आणि निवृत्तीनंतर तेथेच राहावे, असा विचार आहे.

आम्ही लग्नापूर्वी मालमत्तेसंबंधी कोणताही करार केला नव्हता. मुलगी चार वर्षांची असून तिचा पासपोर्ट भारतीय आहे. जमीन कोणाच्या नावावर घ्यावी, पंधरा वर्षांनी तिला काही मोल येईल का, आणि तेथे खरोखर राहता येते का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दस्तऐवज यांचा प्रतिसाद

आधी कायदा पाहू, कारण येथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे आपण ज्याला पूर्ण मालकी म्हणतो तो हक्क, केवळ इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाने मित्राच्या किंवा मेहुण्याच्या नावावर जमीन घेऊन पैसे स्वतः द्यायचे, ही वाट तेथे सर्रास वापरली जाते. परंतु त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार परदेशी व्यक्तीकडे थेट वा आडमार्गाने झालेले हस्तांतरण मुळातच रद्द ठरते, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. आपल्या नावावर फार तर ‘हाक पाकाइ’, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क, किंवा भाडेपट्टा घेता येईल. डोंगरातल्या मळ्यासाठी ती खटपट करण्यात अर्थ नाही.

पत्नी नागरिक असल्याने मार्ग आहे, पण त्यात एक पेच आहे. १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता पतिपत्नींची सामाईक ठरते, आणि सामाईक झाली की तिच्यात परदेशी नवऱ्याचा वाटा आला, म्हणून हाक मिलिक अडतो. २०१६ पर्यंत याला फक्त लग्नापूर्वीचा करार हा उपाय होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने असा करार लग्नानंतरही करता येईल असा निर्णय दिला. तेव्हा नोटरीकडे जाऊन मालमत्ता विभक्त करण्याचा करार करावा, तो नोंदवून घ्यावा, आणि मगच शेजारच्या तुकड्याच्या विक्रेत्याशी बोलावे. वडिलांकडून बक्षीस किंवा वारसा म्हणून मिळालेली जमीन विवाह कायद्यानेच पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे. तरीही हातात करार असलेला बरा, म्हणजे कार्यालयात वाद घालावा लागत नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्या ध्यानात आलेल्या दिसत नाहीत. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. इंडोनेशियात त्याऐवजी दूरस्थ मालकीवर बंदी आहे. १९६१ च्या नियमानुसार शेतजमिनीचा मालक जमीन ज्या तालुक्यात आहे तेथे, किंवा फार तर लगतच्या तालुक्यात, राहणारा असावा लागतो. आपल्या पत्नीच्या ओळखपत्रावर चिकारांगचा पत्ता असेल, तर तो नोंदणीच्या वेळी आडवा येऊ शकतो. दुसरी गोष्ट मुलीची. ज्याच्याकडे इंडोनेशियासोबत दुसरेही नागरिकत्व आहे, त्याला हाक मिलिक धारण करता येत नाही, आणि वारशाने परदेशी व्यक्तीकडे आलेली जमीन एका वर्षाच्या आत सोडावी लागते. मुलगी भारतीयच राहिली, तर हा मळा तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. हा निर्णय जमिनीपेक्षा मोठा आहे, पण तो जमिनीच्या आधी घ्यावा लागेल.

साताऱ्याच्या प्लॉटचे पैसे अनिवासी भारतीयाच्या एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यामुळे तेथे अडचण नाही. कर भरल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मात्र तयार ठेवावे.

वसईचा_बावखल यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील प्रत्येक शब्द मान्य करूनही असे म्हणेन की, मांग्गाराईत जमिनीचा खरा दप्तरखाना कार्यालयात नसून गेंदांग घरात, म्हणजे गावाच्या ढोलाच्या सामाईक घरात, असतो. पाणीपुरवठ्याच्या एका कामासाठी मी रुतेंगला तीन वर्षे राहिलो. मी वसईचा ख्रिस्ती, त्यामुळे रविवारच्या मिस्साने बरीच दारे उघडली, तरी जमिनीविषयीचे बोलणे समजायला दुसरे वर्ष उजाडले. ‘गेंदांग ओने, लिंगको पेआंग’ असे तेथील लोक म्हणतात: आत ढोलाचे घर, बाहेर सामाईक शेत, आणि एकावाचून दुसरे नाही. चांचार येथे टेकडीवरून दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी भातखाचरे म्हणजे हेच लिंगको. मध्यबिंदूपासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत पाचरी आखून ‘तुआ तेनो’ हा जमिनीचा प्रमुख कुळाकुळांना वाटणी करून देतो. ज्याच्या वाट्याला पाचर आली, तो गावाचा.

आता आपल्या पत्नीचा प्रश्न. तेथे मुलगा ‘आता ओने’, म्हणजे आतला, आणि मुलगी ‘आता पेआंग’, म्हणजे बाहेरची. वारसा मुलग्यांकडे जातो. बापाला मुलीला जमीन देता येते, त्या दानाला ‘विदांग’ म्हणतात, पण ते भावांच्या आणि भावकीच्या डोळ्यांदेखत व्हावे लागते. सासरे उदार आहेत हे चांगलेच आहे. मात्र मेहुण्यांनी तोंडदेखला होकार दिला असेल, तर सासऱ्यांच्या पश्चात त्यांची मुले कुंपणाचे खांब उपटतील. तुआ तेनो आणि सर्व मेहुणे यांच्या सह्यांचे पत्र करून घ्यावे, आणि नंतर सरकारच्या २०१७ पासूनच्या सरसकट मोजणीच्या योजनेत प्रमाणपत्र मिळवावे. जमीनकराची पावती म्हणजे मालकी नव्हे. आपल्याकडे सात-बाराला जेवढे वजन असते, त्याच्या निम्मेही तिला नसते.

तेथे राहता येते का? येते, पण घरजावई म्हणून. जावई हा ‘आनाक विना’, म्हणजे मुलगी घेणारा पक्ष, आणि त्याचे देणे कधीच फिटत नाही. सासरच्या घरी मयत झाले, बांधकाम निघाले, मेहुण्याचे लग्न ठरले की ‘सिदा’ येते, म्हणजे आपल्या वाट्याची रक्कम किंवा डुक्कर मागितले जाते. चिकारांगमध्ये राहून आपण हे पैशाने निभावत असाल. गावात राहिल्यावर ते अंगमेहनतीने, बैठकांना रात्रभर हजर राहून आणि हसतमुखाने निभावावे लागेल. बदल्यात आपले छप्पर उडाले, तर सकाळी बोलावण्याआधी वीस माणसे दारात असतील.

थंडी महाबळेश्वरची आठवण करून देणारी आहे. वीज बऱ्याच गावांत पोहोचली आहे, प्रीपेड मीटरमध्ये आकडे भरून ती घ्यावी लागते. आरोग्यकेंद्रात ताप, जखम, बाळंतपण एवढे होते. हृदयविकार झाला तर लाकडी बाकांच्या मालमोटारीतून रुतेंग गाठायचे आणि तेथून पुढे बाली. वयाच्या साठीनंतरचा बेत असेल, तर घराच्या नकाशाआधी हा रस्ता डोळ्यांसमोर आणावा.

हिशेबी यांचा प्रतिसाद

मोल वाढण्याविषयी थोडक्यात लिहितो. फ्लोरेसच्या पश्चिम टोकाचे लाबुआन बाजो हे पर्यटनासाठी सरकारने निवडलेल्या पाच अग्रक्रमाच्या ठिकाणांपैकी एक आहे, २०२३ मध्ये तेथे आसियानची शिखर परिषदही झाली, आणि दलाल त्याच आधारावर डोंगरातली जमीन खपवतात. ती भरती किनाऱ्यावरची आहे. वाए रेबो या शंकूच्या आकाराच्या सात घरांच्या गावाला २०१२ मध्ये युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला आणि पाहुणे येऊ लागले, पण ती पारंपरिक घरे समाजाची आहेत, खरेदीला निघालेली नाहीत. आपल्या मळ्याचा पुढचा गिऱ्हाईक गावातलाच असेल आणि त्याची ऐपत कॉफीच्या भावाएवढी असेल. अनेक शेतकरी पीक झाडावर असतानाच ‘इजोन’ पद्धतीने कमी भावात विकून मोकळे होतात. शेजारी जमीन का विकत आहे, याचेही उत्तर बहुधा तेथेच सापडेल.

खरेदीपूर्वी वनहद्दीचा नकाशा अवश्य पाहावा. याच मांग्गाराईत चोलोलच्या शेतकऱ्यांची कॉफीची झाडे वनहद्दीत आहेत म्हणून तोडण्यात आली, आणि १० मार्च २००४ रोजी रुतेंगमध्ये निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. शिवाय २०१७ मध्ये फ्लोरेसला भूऔष्णिक बेट, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज काढण्याचे बेट, घोषित करण्यात आले आहे. उलुंबूच्या अशाच वीजप्रकल्पाच्या विस्ताराला पोचो लेओकचे गावकरी विरोध करत आहेत. आपले गाव रुतेंगच्या दक्षिणेला आहे असे लिहिले आहे, तर ते या पट्ट्यात येते का?

सातारकर_चिकारांग

सर्वांचे मनापासून आभार. गाव पोचो लेओकपासून दोन डोंगर अलीकडे आहे. वनहद्दीचे मात्र मी कधीच विचारले नव्हते. काल पत्नीशी बोललो, तेव्हा शेजाऱ्याने मुलाच्या शिक्षणासाठी उचल घेतली असल्याचे कळले. तो तुकडा सध्या न घेण्याचे आणि आधी नोटरीकडे करार करण्याचे आम्ही ठरवले आहे. विदांगविषयी तिला माहीत होते. तिने आजवर सांगितले नाही, कारण मी विचारले नाही. एकच शंका उरते: मोठ्या मेहुण्यांशी सासऱ्यांनी बोलावे की मी?

वसईचा_बावखल

आपण अजिबात बोलू नये. सासऱ्यांनीही एकट्याने बोलू नये. वर्षअखेरच्या पेंतीच्या सणाला सर्व भाऊ घरी येतील, तेव्हा कुळातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला आपल्या वतीने बोलायला सांगावे. तो तुआकची, म्हणजे ताडीची, बाटली पुढे ठेवून विषय काढील. आपण शेजारी बसावे आणि विचारले तरच उत्तर द्यावे.