ऑइल पोर्ट्रेट: आजीच्या चेहऱ्याचा रंग पिठूळ दिसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आजीचं पोर्ट्रेट ऑइलमध्ये करतेय, जुन्या पद्धतीने, म्हणजे आधी रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) आणि पांढऱ्यात उजेड-सावली पक्की करून घेतली, ती वाळली आणि आता वरून त्वचेचा रंग चढवतेय. नऊवारी, नथ, डावीकडून खिडकीचा उजेड. गोव्याचे चित्रकार आंतोनियो त्रिंदाद (१८७०-१९३५) यांची चित्रं पणजी शहरात बघितल्यापासून ती सावलीतली ऊब डोक्यातून जातच नाहीये.

पण कपाळ आणि गालाचा उंचवटा, जिथे उजेड पडतो तिथेच रंग उजळायच्या ऐवजी पांढुरका होतो, पावडर थापल्यासारखा. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), चिमूटभर अलिझरिन (गडद लाल) आणि टायटॅनियम व्हाइट वापरतेय. आजी गव्हाळ, उन्हात रापलेली, आणि व्हिडिओंमधली बहुतेक मिश्रणं गोऱ्या त्वचेची!

दुसरं म्हणजे केस आणि पदराखालचा गडद भाग ओला असताना मस्त खोल दिसतो, वाळला की राखाडी, मॅट डाग. खरा गडद किती तेच कळत नाही, मग चेहऱ्याचा टोन जुळवायचा कशाशी? वरून तेल चोळू का? प्लीज सांगा, आजीला हे चित्र पूर्ण झालेलं दाखवायचंय.

प्रतिसाद:
ताई, आधी डागांचं बघा. अंबर तेल पितो, खालचा थर वरच्यातलं तेल ओढून घेतो, म्हणून रंग बसल्यासारखा दिसतो. हाताला कोरडा लागला की जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून सुती कापडाने अगदी पातळ पुसा आणि जास्तीचं लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या, राहिलं तर पुढे पिवळं पडतं. मूळ टोन परत दिसेल, मगच चेहऱ्याला हात लावा.

टायटॅनियम भलताच जोरदार आणि थंड. गव्हाळ त्वचा उजळायला आधी ऑकर वाढवा, नेपल्स यलो घ्या, पांढरा शेवटी नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळाच्या चमकीपुरता. सावलीत तर पांढरा नकोच, ती पातळ, पारदर्शक राहू द्या आणि उजेड जाड लावा, ती ऊब तिथूनच येते. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर तडे जातात. अलिझरिन उजेडाने फिका पडतो, त्याऐवजी परमनंट अलिझरिन घ्या.

आणि हो, तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून ठेवा किंवा मोकळ्या पसरून बाहेर वाळवा.