शेवटच्या फेऱ्यांतले रिसीव्हर: नवखे की मुरलेले?

चौथा_डाउन

फँटसी फुटबॉलचे ड्राफ्ट तोंडावर आलेत, म्हणून एक मत ठामपणे मांडतो. (नव्यांसाठी: एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू आळीपाळीने निवडून आपण कागदावरचा संघ बनवतो, ती निवड म्हणजे ड्राफ्ट. गुण मिळतात ते त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर.) पटत नसेल तर आकड्यांनिशी खोडून काढा.

लीग अशी धरू: १२ संघ, १५ फेऱ्या, स्नेक ड्राफ्ट (दर फेरीला निवडीचा क्रम उलटतो). पूर्ण पीपीआर, म्हणजे झेलाला १ गुण, दर १० यार्डांना १, टचडाउनला ६. मैदानावर तीन वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) आणि एक फ्लेक्स (धावणारा किंवा झेलणारा, कुणीही चालेल अशी जागा), बेंचवर पाच जण. किकर आणि डिफेन्स शेवटच्या दोन फेऱ्यांत उरकले की १० ते १३ या चार फेऱ्या स्लीपरसाठी, म्हणजे स्वस्तात मिळून पुढे चमकणाऱ्यांसाठी, मोकळ्या राहतात. या चारही फेऱ्यांत पहिल्या ते तिसऱ्या वर्षातले रिसीव्हरच घ्यावेत. तिशी ओलांडलेला ‘खात्रीचा’ माणूस तिथे नको.

आठवड्याला नऊ-दहा गुण देणारा रिसीव्हर अशा लीगमध्ये वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) कायम पडून असतो, त्याच्यासाठी ड्राफ्टमधली फेरी कशाला खर्च करायची? पहिल्या बारांत जाऊन बसेल असा रिसीव्हर मात्र हंगाम सुरू झाल्यावर स्वस्तात हाती लागत नाही, कारण त्याच्यावर बाराही जण एकदम तुटून पडतात. २०२३ मध्ये पुका नाकुआ हा रॅम्सने एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, एकूण १७७ वा निवडलेला खेळाडू होता. त्याने १०५ झेल आणि १,४८६ यार्ड केले. दोन्हींत तेव्हाचा नवख्यांचा विक्रम. त्याच वर्षी ह्यूस्टनचा निको कॉलिन्स तिसऱ्या हंगामात होता. आदल्या वर्षी १० सामन्यांत ३७ झेल, ४८१ यार्ड. सी. जे. स्ट्राउड क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) म्हणून आला आणि आकडे ८० झेल, १,२९७ यार्ड, ८ टचडाउन असे झाले.

सराव सामन्यांत नवख्याने किती यार्ड केले याकडे लक्षच देऊ नका. तो पहिल्या फळीच्या क्वार्टरबॅकसोबत उतरतो का, आणि संघ दोन टाइट एंड (झेल आणि अडवणूक दोन्ही करणारे) लावतो तेव्हा मैदानात राहणाऱ्या दोन रिसीव्हरांत तो असतो का, एवढंच पाहा. त्या रचनेत जो बाहेर बसतो त्याचे रूटच (झेलासाठी ठरलेल्या मार्गाने घेतलेल्या धावा) कमी होतात, मग हात कितीही चांगले असोत. आणि तिसऱ्या सराव सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये खेळून दोन टचडाउन करणारा हा बहुतेक वेळा जागेसाठी झगडणारा असतो. ज्याची जागा पक्की झाली आहे त्याला संघ त्या दिवशी बसवून ठेवतो.

एडिसनकर

पहिल्याच मुद्द्यावर हरकत आहे. ॲडम थिलेन, २०२३, कॅरोलायना. वय ३३, क्वार्टरबॅक नवखा ब्राइस यंग, संघ वर्षभरात दोनच सामने जिंकला. ड्राफ्टमध्ये थिलेनला कुणी विचारत नव्हतं. त्याने केले १०३ झेल, १,०१४ यार्ड, ४ टचडाउन. पीपीआरमध्ये २२८.४ गुण, अगदी शेवटच्या फेऱ्यांच्या भावात.

स्लीपर म्हणजे तरुण, हे समीकरणच चुकीचं आहे. ज्याची किंमत त्याच्या कामापेक्षा कमी लागते तो स्लीपर. नवख्यांच्या नावाभोवती ऑगस्टमध्ये इतका गाजावाजा होतो की अकराव्या फेरीतला मुलगा पंधरा दिवसांत आठव्या फेरीत जाऊन बसतो. तिथे त्याला घेतलंत तर स्वस्त काय मिळालं? थिलेनसारख्यांची किंमत चढत नाही, कारण त्यांच्याबद्दल बोलायला कुणाला उत्साहच नसतो.

चौथा_डाउन

थिलेनचा हंगाम मधोमध कापून बघा. पहिल्या सहा सामन्यांत ४९ झेल, ५०९ यार्ड आणि चारही टचडाउन, म्हणजे सामन्यामागे साधारण २०.६ गुण. उरलेल्या ११ सामन्यांत ५४ झेल, ५०५ यार्ड, टचडाउन शून्य, सामन्यामागे ९.५. फँटसीचे बाद फेरीचे सामने १५ ते १७ या आठवड्यांत असतात. तेव्हा तुमच्या हाती नेमका तोच नऊ-दहा गुणांचा माणूस होता, जो वेव्हरवर पडून असतो असं मी वर म्हटलं.

एडिसनकर

पण पहिल्या सहा आठवड्यांतले विजय गुणतक्त्यात कमी धरतात का? बाद फेरीत पोहोचायलाही सामने जिंकावे लागतात. शिवाय सातव्या आठवड्यात कॅरोलायनाला सुट्टी होती. थिलेन विकायची वेळ तीच. सहा सामन्यांत ४९ झेल घेतलेल्या माणसाच्या बदल्यात, सुरुवात थंड गेलेला पण पहिल्या तीन फेऱ्यांतला रिसीव्हर मागता येतो. तुमचा नवखा त्या वेळी बेंचवर शून्य गुण घेऊन बसलेला असतो, त्याच्या बदल्यात कोण काय देणार?

यार्डमोजणी

दोघेही वयावर भांडताय, पण लीगचे गुण कसे मोजतात यावर यादी जास्त फिरते. २०२२ मधले दोन रिसीव्हर घ्या. पिट्सबर्गचा डिऑन्टे जॉन्सन: १४७ टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले चेंडू), ८६ झेल, ८८२ यार्ड, टचडाउन एकही नाही. बफेलोचा गेब डेव्हिस: ९३ टार्गेट, ४८ झेल, ८३६ यार्ड, ७ टचडाउन. आता झेल, यार्ड आणि टचडाउन एवढेच धरून हिशेब करा.

पूर्ण पीपीआर: जॉन्सन १७४.२, डेव्हिस १७३.६.
अर्धा पीपीआर: जॉन्सन १३१.२, डेव्हिस १४९.६.
झेलाला गुणच नसतील तर: जॉन्सन ८८.२, डेव्हिस १२५.६.

दोघांच्या टार्गेटमध्ये ५४ चा फरक असूनही पूर्ण पीपीआरमध्ये बरोबरी आणि बाकी दोन्हींत डेव्हिस पुढे. तेव्हा आपल्या लीगमध्ये झेलाला किती गुण आहेत हे आधी सेटिंगमध्ये उघडून पाहा, मग कुणाची तरी यादी हातात घ्या. पूर्ण पीपीआरसाठी केलेली यादी अर्ध्या पीपीआरच्या लीगमध्ये वापरली की स्लॉटमधले (मधल्या बाजूला उभे राहणारे) आखूड झेलांचे रिसीव्हर दोन फेऱ्या आधी घेतले जातात. ही चूक दरवर्षी होते.

डेव्हिसची दुसरी बाजूही सांगतो. पाचव्या आठवड्यात पिट्सबर्गविरुद्ध त्याने फक्त ३ झेलांत १७१ यार्ड आणि २ टचडाउन केले, त्यातला एक ९८ यार्डांचा. पूर्ण पीपीआरमध्ये ते ३२.१ गुण झाले, म्हणजे वर्षभराच्या गुणांतला जवळजवळ पाचवा हिस्सा एका दुपारी. असा माणूस तिसरा रिसीव्हर म्हणून दर आठवड्याला उतरवला तर चालतो. त्याचा आठवडा ओळखून त्याला आत-बाहेर करणाऱ्याचे मात्र हाल होतात, कारण तो आठवडा आधी कळत नाही.

चौथा_डाउन

हे मान्य. पण मग टार्गेट निरुपयोगी म्हणायचे का?

यार्डमोजणी

अजिबात नाही. टार्गेट हा पाया, टचडाउन त्यावरची चढ-उतार. १४७ टार्गेटवर शून्य टचडाउन हे पुन्हा पुन्हा होत नाही. आदल्याच वर्षी जॉन्सनचे ८ होते. म्हणून टचडाउन कमी आणि टार्गेट भरपूर असलेला रिसीव्हर पुढच्या वर्षी स्वस्त मिळतो. वॉशिंग्टनचा टेरी मॅक्लॉरिन पाहा. २०२३ मध्ये १३२ टार्गेट, ७९ झेल, १,००२ यार्ड, ४ टचडाउन. २०२४ मध्ये टार्गेट घटून ११७ झाले, पण ८२ झेल, १,०९६ यार्ड आणि १३ टचडाउन. गुण २०३.२ वरून २६९.६. वाढलेल्या ६६.४ गुणांपैकी ५४ निव्वळ टचडाउनचे. मध्ये काय बदललं? क्वार्टरबॅक. जेडन डॅनियल्स आला.

एकूण टार्गेटपेक्षा मी धावलेल्या रूटमागे किती टार्गेट मिळाले ते पाहतो. १०० रूटांत २० चेंडू आले तर बरा, २५ आले तर क्वार्टरबॅक त्यालाच शोधतोय. हा आकडा चांगला असून एकूण टार्गेट कमी असतील, तर तो माणूस मैदानावर कमी वेळ होता एवढंच झालं. रूट वाढले की गुण वाढतात. शेवटच्या फेऱ्यांत मी अशांनाच शोधतो, वय २३ असो की ३३.

फ्रीमाँटकर

यात एक सापळा आहे, त्यावर अजून कुणी बोललं नाही. ‘मोकळी झालेली टार्गेट’. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीतून जूजू स्मिथ-शुस्टर गेला, मीकोल हार्डमनही गेला. जूजूला आदल्या वर्षी १०१ टार्गेट होते. हिशेब सरळ वाटला: दुसऱ्या वर्षातला स्काय मूर, एनएफएल ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतला खेळाडू, फेकणारा माहोम्स, जागा रिकामी. मूरने वर्षभरात केले २१ झेल, २४४ यार्ड, १ टचडाउन. ती जागा भरली रशी राइस या नवख्याने: ७९ झेल, ९३८ यार्ड, ७ टचडाउन.

रिकामी जागा वारसाहक्काने पुढच्याला मिळत नाही. जो रूट चालवून मोकळा होतो त्याच्याकडे चेंडू जातो. मूरने पहिल्या वर्षी २२ झेल घेतले होते. त्याच्याकडे चेंडू वळतो असं तोपर्यंत दिसलंच नव्हतं. म्हणून यार्डमोजणींच्या रूटामागच्या आकड्याला माझा दुजोरा. आणि एकाच संघातल्या रिकाम्या जागेवर दोन दावेदार असतील तर ज्याची किंमत कमी तो घ्यावा, कारण कोण जिंकेल ते ऑगस्टमध्ये संघालाही ठाऊक नसतं.

बाकावरचा

मला सगळी चर्चाच उलटी वाटते. १० ते १३ या फेऱ्यांत रिसीव्हर कशाला? राखीव रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घ्या. मुख्य रनिंग बॅक जखमी झाला तर राखीवाला त्याच आठवड्यापासून १५-१८ वेळा चेंडू मिळतो, गोल लाइनवरचं कामही मिळतं. मुख्य रिसीव्हर जखमी झाला तर त्याचे टार्गेट तिघा-चौघांत वाटले जातात आणि तुमच्या बेंचवरच्याच्या वाट्याला दोन येतात. एक दुखापत झाली की बेंचवरचा माणूस थेट पहिल्या २० रनिंग बॅकांत, असं रिसीव्हरच्या बाबतीत घडत नाही.

चौथा_डाउन

नाकुआच्या बाबतीत घडलं की. कूपर कपच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला जखमींच्या यादीत टाकलं, म्हणजे किमान चार सामने बाहेर. दुसऱ्या दिवशी सिॲटलमध्ये नाकुआला १५ टार्गेट, १० झेल, ११९ यार्ड.

बाकावरचा

त्याच सामन्यात टुटू ॲटवेलचेही ६ झेल आणि ११९ यार्ड होते. माझं म्हणणं हेच तर सांगतंय: चेंडू वाटला गेला, आणि दोघांतला खरा कोण हे पहिल्या दिवशी यार्डांवरून ओळखता आलं नसतं.

यार्डमोजणी

यार्डांवरून नाही, टार्गेटवरून आलं असतं. नाकुआला १५, ॲटवेलला ८. वेव्हरवर बोली लावायला १०० डॉलरची थैली असेल तर अशा १५ टार्गेटच्या माणसावर मी पहिल्याच आठवड्यात ३५-४० डॉलर लावेन आणि ८ वाल्यावर ५-६. लांबलचक यार्ड बघून दोघांवर सारखी बोली लावणं ही वेव्हरवरची सर्वांत महागडी चूक.

पण बाकावरचा यांचा मुद्दा निम्मा खरा आहे. राखीव रनिंग बॅकला दुखापतीची वाट पाहावी लागते, रिसीव्हरला नाही. सेंट ब्राउन, डेट्रॉइट, २०२१: एनएफएल ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतला नवखा. पहिल्या ११ सामन्यांत ३९ झेल, ३५२ यार्ड, टचडाउन नाही. शेवटच्या सहांत ५१ झेल, ५६० यार्ड, ५ टचडाउन.

एडिसनकर

आणि पाच जणांच्या बेंचवर ११ सामने त्याला कोण सांभाळणार होतं? पाचव्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत संघांच्या सुट्ट्या सुरू असतात. दोन खेळाडू सुट्टीवर, एक जखमी, की बेंच संपला. कुणाला तरी सोडावंच लागतं, आणि सुटतो तो ३९ झेलांवाला. तरुणांवर डाव लावायचा सल्ला आठ-नऊ जणांचा बेंच असलेल्या लीगला शोभतो.

फ्रीमाँटकर

त्याला ११ सामने सांभाळायची गरजच नव्हती. तेराव्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध वेळ संपता संपता टचडाउन त्याच्याकडे गेला आणि डेट्रॉइटने त्या हंगामातला पहिला विजय मिळवला. त्या सामन्यात १० झेल होते. त्या रात्री तो बऱ्याच लीगमध्ये मोकळा होता. तिथून सतराव्या आठवड्यापर्यंत चार सामने हाती होते. छोट्या बेंचवर नवख्याला चार आठवडे द्या. रूट वाढत असतील तर ठेवा, नाहीतर सोडा, पण सोडल्यावर नजर ठेवा. आपण टाकलेल्या खेळाडूचे आकडे नंतर कुणी उघडून पाहत नाही, आणि तो परत येतो तेव्हा दुसऱ्याच्या संघात जातो.

चौथा_डाउन

बरं, चारपैकी चार रिसीव्हर हे मी मागे घेतो: बेंच मोठा असेल तर तीन रिसीव्हर आणि एक राखीव रनिंग बॅक. वर धरला तसा पाच जणांचा असेल तर दोन-दोन. मुरलेल्या रिसीव्हरला मात्र जागा अजूनही देणार नाही.

एक हिशेब राहिलाय. ड्राफ्टच्या क्रमात पाचवे असाल तर नवव्या फेरीपासून तुमच्या निवडी १०१, ११६, १२५, १४०, १४९ अशा येतात. ११६ आणि १२५ मध्ये आठच खेळाडू जातात, १२५ आणि १४० मध्ये चौदा. मनातला स्लीपर सरासरी १३२ वर जात असेल तर १४० ची वाट पाहू नका, १२५ लाच उचला. लांबचं अंतर समोर असताना अर्धी फेरी आधी घेणं महाग पडत नाही.

एडिसनकर

हा हिशेब मात्र वयाला बांधलेला नाही. मुरलेला रिसीव्हर १४९ लाही मिळतो, कारण त्याच्यासाठी कुणी धावत नाही. १२५ ला तुमचा नवखा घ्या, १४९ ला माझा थिलेन. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या रिसीव्हरच्या जागी कुणाला उतरवाल ते तेवढं सांगा.

चौथा_डाउन

पहिल्या आठवड्यात? तुमच्या थिलेनने त्या दिवशी २ झेल आणि १२ यार्ड केले होते.

एडिसनकर

आणि पुढच्या पाच सामन्यांत ४७ झेल. पहिल्या रविवारनंतर त्याला सोडला असतात तर ते दुसऱ्याच्या खात्यात गेले असते. नवख्याला चार आठवडे देताय ना, मग तेवढेच यालाही द्या.