'क्लस्टर हेड'ला 'गटप्रमुख' म्हणावं का?

प्रश्न: बिनतारी संवेदक जाळ्यांवरच्या, म्हणजे मोजमापं घेऊन ती बिनतारी कळवणाऱ्या, बॅटरीवरच्या छोट्या यंत्रांच्या जाळ्यांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'क्लस्टर'साठी समूह, गट, पुंज, झुबका यांपैकी काय घ्यावं? 'क्लस्टर हेड'ला, म्हणजे गटाची मोजमापं गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राला, मी 'गटप्रमुख' लिहिलंय. आणि 'ऊर्जा-कार्यक्षम कार्यवाटप' कानाला फार खटकतंय.

प्रतिसाद: 'गट'च घ्या. पुंज ताऱ्यांचा, झुबका फुलांचा. ते आपसूक जवळ असतात. इथले नोड, म्हणजे जाळ्यातली ही यंत्रं, ठरवून एकत्र येतात आणि थोड्या वेळाने ती जुळणी मोडून नवी होते. गट पडतात, पाडता येतात, फुटतातही. क्रियापदं आयती मिळतात.

माझी हरकत 'प्रमुख'ला आहे. 2000 साली हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी असे गट पाडण्याची 'लीच' पद्धत मांडली. तिच्यातले आकडे घेऊन हिशेब करून पाहा. 2000 बिटांचा निरोप 10 मीटरवर धाडायला 0.12 मिलिज्यूल लागतात, 100 मीटरवर 2.1. आता 20 नोडांचा गट घ्या. साधा नोड आपलं मोजमाप जवळच्या प्रमुखाकडे देतो आणि 0.12 मध्ये सुटतो. प्रमुखाला 19 निरोप ऐकायचे, त्यांचा मेळ घालायचा आणि सगळी माहिती जमा करणाऱ्या लांबच्या केंद्राला कळवायचं: साधारण 4.2 मिलिज्यूल. म्हणजे 35 पट! तोच नोड कायम प्रमुख राहिला, तर सगळ्यांत आधी मरणार.

'प्रमुख' म्हटलं की मान आणि अधिकार डोळ्यांसमोर येतो. इथे आहे ते निव्वळ ओझं, आणि ते आळीपाळीने उचलायचं असतं. लीचमध्ये 5 टक्के नोड प्रमुख ठेवले, तर 20 फेऱ्यांत प्रत्येकावर एकदा पाळी येते. म्हणून मी 'पाळीचा नोड' लिहीन.

प्रश्नकर्ती: पण गट पाडण्याच्या 'हीड' या दुसऱ्या पद्धतीत शिल्लक ऊर्जा बघून निवड होते. तिथे ठरलेली पाळी कुठे असते?

प्रतिसाद: मुद्दा बरोबर आहे. तिथे, आणि मोठ्या बॅटरीचा एकच नोड कायम नेमलेला असतो तिथेही, 'गटप्रमुख' राहू द्या. एका शब्दाने सगळीकडे भागणार नाही.

'अ‍ॅग्रिगेशन'ला, म्हणजे प्रमुख निरोपांचा जो मेळ घालतो त्याला, मात्र 'एकत्रीकरण' नको. वीस मोजमापं नुसती एकत्र बांधली, तर बिट तेवढेच राहतात, बचत शून्य. वीस आत जाऊन एक बाहेर येतं, त्याला आपल्याकडे 'गोषवारा' हा फारसीतून आलेला, हिशेबाच्या वहीत मुरलेला शब्द आहे.

राहिलं 'कार्यवाटप'. वाटपात देणाऱ्यावर नजर जाते, वाटणीत कोणाच्या वाट्याला किती आलं यावर. बॅटरी बघून काम द्यायचं असेल तर 'कामाची वाटणी'. 'कार्यक्षम' काढलंत की 'कार्य'ची पुनरुक्तीही जाते.

प्रश्नकर्ती: मग शीर्षक असं करते: 'कमी ऊर्जेत कामाची वाटणी आणि गटबांधणी'. आणि आतलं वाक्य: 'पाळीचा नोड गटातल्या मोजमापांचा गोषवारा केंद्राकडे पाठवतो.'